हौसेला मोल नाही, पण साइजला आहे: पहिली रोडबाईक घेणाऱ्यांसाठी

कुणाची तरी महागडी रोडबाईक भिंतीला टेकवलेली दिसली की बघणारा पहिली गोष्ट काय करतो? चालवून बघू का असं विचारत नाही. टॉपट्यूबखाली, म्हणजे सीट आणि हँडलच्या मधल्या वरच्या नळीखाली, दोन बोटं घालतो आणि उचलतो. मग भुवया वर जातात, "आयला, हिला काही वजनच नाही रे!" आणि तिथेच तो गेला, संपला विषय. मीपण असाच गेलो. पुढचे सहा महिने रात्री झोपायच्या आधी मी फ्रेमची वजनं ग्रॅममध्ये वाचत पडायचो, स्वतःचं वजन मात्र त्या काळात एकदाही केलं नाही.

तर हे असल्या नुकत्याच गेलेल्या लोकांसाठी. महाग सायकल घेऊ नका असा उपदेश करायला बसलेलो नाही, हौसेला मोल नसतं आणि खरं सांगायचं तर चांगल्या रोडबाईकवर उतारावरून एखादं वळण बरोबर जमून येतं तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. फक्त पैसे कुठल्या क्रमाने घालवायचे हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून क्रमानेच सांगतो. काही पायऱ्या लांबल्यात, काही दोन ओळींत उरकल्यात. जिथे मी जास्त आपटलो त्या लांब.

पहिली पायरी: वेग नक्की कुठून येतो ते बघा

खरेदी नंतर, आधी थोडं गणित. सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटरने जाताना तुमची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. आणि हवा फार चिकट सावकार आहे, वेग दुप्पट केला की तिचा विरोध चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद जवळजवळ आठपट. म्हणूनच २५ वरून ३० ला जाणं महिन्याभरात जमून जातं आणि ३५ वरून ४० ला जाताना तोंडाला फेस येतो. आता ही हवा अडवतं कोण? सायकल थोडीशी, बाकी सगळे तुम्ही. दोघांचा मिळून जो विरोध होतो त्यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा माणसाच्या अंगाचा असतो. म्हणजे दुकानात ज्या वस्तूकडे आपण डोळे फाडून बघत असतो ती एकूण प्रॉब्लेमचा पाव हिस्सा आहे, उरलेला पाऊण हिस्सा तिथे उभा राहून बघतोय.

याचं सगळ्यात भारी उदाहरण १९८९ चं तूर द फ्रान्स. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसला २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावायची शर्यत, होती आणि लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. मागे असलेला ग्रेग लेमाँड ट्रायथलॉनवाले वापरायचे तसलं हात पुढे जवळजवळ धरायचं हँडल लावून आणि निमुळतं हेल्मेट घालून उतरला, फिन्यों उघड्या डोक्याने, मागे पोनीटेल वाऱ्यावर. लेमाँडने त्या एका दिवसात ५८ सेकंद काढले आणि तीन आठवड्यांची, तीन हजारांवर किलोमीटरची रेस ८ सेकंदांनी जिंकला. ते हँडल म्हणजे काय तर एक वाकवलेली नळी, पण त्या नळीने माणूस अरुंद झाला.

आणि वजन? वजन चढावर मोजावं लागतं हे खरंय. पण किती, ते करून बघा. समजा तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो, आणि समोरचा चढ तुम्हाला २५ मिनिटांचा आहे. सायकलचं अख्खं एक किलो कमी केलं तर तेवढ्याच दमात जास्तीत जास्त १९ सेकंद वाचतील. सपाट रस्त्यावर जवळपास काहीच नाही. रेसर माणसाला १९ सेकंद म्हणजे जग असतं, आपण वर पोचून दहा मिनिटं फोटो काढतो.

अजून एक, यूसीआय म्हणजे सायकलिंगची जी जागतिक संघटना आहे तिने २००० सालापासून रेसच्या सायकलला किमान ६.८ किलोची अट घातलीये, त्याहून हलकी चालत नाही. बाजारात मात्र त्याहून हलक्या सायकली सर्रास मिळतात, आणि त्या घेणाऱ्या बहुतेकांनी जन्मात एक रेस केलेली नसते. हसत नाहीये, मी पण त्याच रांगेत उभा होतो.

दुसरी पायरी: साइज, साइज आणि साइज

ही पायरी चुकली तर बाकी सगळं वाया, आणि मी चुकलो.

माझी पहिली रोडबाईक मी रंगावर घेतली. मला ५६ ची फ्रेम लागत होती, दुकानात त्या रंगात फक्त ५४ उरली होती, विकणारा म्हणाला सीटपोस्ट वर घेऊन देतो सर, होऊन जाईल. झालं पण. पाय पुरले, कारण सीट वर गेली. पण हँडल काही वर गेलं नाही ना, ते छोट्या फ्रेमच्या हिशोबाने खालीच राहिलं, त्यामुळे मी सायकलवर बसायचो म्हणजे विहिरीत वाकून बघितल्यासारखा. तासाभराने मान आखडायची, दीड तासाने हाताची शेवटची दोन बोटं बधिर, आणि मी समजत होतो की आपला फिटनेस कमी आहे, सवय होईल. आठ महिने सवय होण्याची वाट बघितली. मग एका मित्राने त्याची योग्य साइजची, माझ्यापेक्षा कितीतरी साधी सायकल एक दिवस चालवायला दिली आणि मी घरी आलो तेव्हा पहिल्यांदाच काही दुखत नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

५४, ५६ हे आकडे कंपनीगणिक बदलतात, एकाची ५४ दुसऱ्याच्या ५६ इतकी असू शकते, म्हणून त्यावर जाऊ नका. प्रत्येक फ्रेमच्या मापांच्या तक्त्यात स्टॅक आणि रीच असे दोन आकडे असतात. पेडलचं क्रँक जिथे फिरतं त्या बिंदूपासून हँडलची नळी जिथे सुरू होते ते टोक किती उंच, तो स्टॅक, आणि तेच टोक किती पुढे, तो रीच. स्टॅक जास्त म्हणजे ताठ बसणार, रीच जास्त म्हणजे लांब ओणवं व्हावं लागणार. एखाद्या सायकलवर तुम्हाला बरं वाटलं असेल तर तिचे हे दोन आकडे लिहून ठेवा आणि बाकीच्या त्यांच्याशी ताडून बघा, बस. दुकानातल्या दोन मिनिटांच्या चकरेवर विसंबू नका, दोन मिनिटं कुठलीही सायकल छानच वाटते.

सीटची उंची घरी लावता येते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे रहा, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटवर बसल्यासारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ ने गुणा. आलेलं उत्तर म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ८० सेंटिमीटर आलं तर ७०.६. हा काही वेदमंत्र नाही, सुरुवातीचा अंदाज आहे. गुडघा समोरून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, गुडघ्यामागे ओढ बसली किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा आणि एकच गोष्ट हलवा, नाहीतर कशाने बरं वाटलं तेच कळत नाही. हलवण्याआधी सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण करा, माझं ऐका.

आणि परवडत असेल तर सायकल घ्यायच्या आधी एखाद्या चांगल्या फिटरकडून, म्हणजे अंगाच्या मापाने सायकल बसवून देणाऱ्याकडून, मापं काढून घ्या. लोक उलट करतात, सायकल घेतात, दुखायला लागलं की फिटरकडे जातात आणि मग तो बिचारा चुकीच्या साइजच्या फ्रेमवर बुटका स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, लावून मलमपट्टी करत बसतो.

तिसरी पायरी: रेसची की एन्ड्युरन्सची

एन्ड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्यावर आरामात बसता येईल अशी, घ्या. हँडल जरा वर, चाकांमधलं अंतर जरा जास्त, जाड टायरला जागा. रेसची सायकल फोटोत देखणी दिसते कारण तिचं हँडल सीटच्या खूप खाली असतं, पण तेवढं वाकायला लागणारी कंबर तिच्यासोबत मिळत नाही. आणि वाकून चार तास बसता येत नसेल तर तुम्ही सगळा वेळ ताठ होऊन हवा खात जाणार, म्हणजे एरोच्या, हवा कापण्याच्या, नावाने घेतलेली सायकल उलट हळू. एन्ड्युरन्सवर कोपरं वाकवून आरामात बसलेला माणूस जास्त जोरात जातो.

फ्रेमच्या धातूबद्दल लोक रात्रभर भांडू शकतात, मी दोन ओळीत आटोपतो. पहिल्या सायकलला चांगलं अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, पुरेसा आहे. स्टील थोडं जड पण दुरुस्त होतं, टायटॅनियम गंजत नाही आणि आयुष्यभर पुरतं आणि ते घेणारे त्याबद्दल बोलायचे कधीच थांबत नाहीत. कार्बनचं नंतर सांगतो.

चौथी पायरी: ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचं कुटुंब

इथे सायकलवाल्यांची उतरंड भरते. हे बनवणाऱ्या कंपन्यांपैकी शिमानोची बऱ्याच वर्षांची चढती भाजणी क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस अशी. स्रॅमची एपेक्स, रायव्हल, फोर्स, रेड. कॅम्पॅग्नोलो घेणारा आपलं आपण सांगतोच. ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की लोक चेहऱ्याच्या आधी त्याच्या मागच्या डिरेलरवरचं, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागावरचं, नाव वाचतात, मी स्वतः वाचतो, सवय जात नाही.

पण यातलं एक गुपित असं की वरच्या पायरीवरची कल्पना काही वर्षांत खाली झिरपते. शिमानोने ड्युरा-एसला इलेक्ट्रॉनिक गिअर २००९ मध्ये दिले, २०२२ मध्ये ते १०५ ला आले. १०५ च्या वर तुम्ही मुख्यत्वे कमी ग्रॅम आणि जास्त चकाकी विकत घेता, गिअर पडायचा तसाच पडतो. क्लॅरिस किंवा सोरा नीट ट्यून केलेली असेल तर ट्यून न केलेल्या अल्टेग्रापेक्षा छान चालते, हे मी दोन्ही चालवून सांगतोय.

नावापेक्षा दात मोजा. पुढे दोन चकत्या, ५०-३४ म्हणजे कॉम्पॅक्ट, ५२-३६ मधली, ५३-३९ जुन्या पद्धतीची रेसर. मागच्या कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाची, सगळ्यात मोठी चकती २८, ३२ किंवा ३४ दातांची. आता बघा, पुढे ३४ मागे ३४ म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी, चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी दहा किलोमीटर. म्हणजे खड्या चढावर दहाच्या वेगाने जात असलात तरी पाय निवांत फिरतायत. मागे २८ असेल तर तशाच निवांत पायांना बारा लागतात, आणि बारा जमले नाहीत की पाय जड होतात, गुडघे कुरकुरतात. उलट टोकाला पुढे ५० मागे ११ ला मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर वेग होतो ५१ च्या वर. सपाटीवर ५१ ने जाणारे तुम्ही आहात का? मग ५३ ची चकती कशाला हवी? ५०-३४ आणि मागे ३२ किंवा ३४ घ्या, कोण हसलं तर चढावर भेटू म्हणा.

पाचवी पायरी: पहिले पैसे इथे घाला

सायकल आली. आता तिच्यावर कार्बनचं काहीतरी लावायची जी खाज सुटते ती दाबा आणि टायर बदला. नवीन सायकलवर कंपन्या बऱ्याचदा जिथे दिसत नाही तिथे वाचवतात, आणि टायर कुणी उचलून बघत नाही. चांगल्या लवचीक, मऊ टायरच्या जोडीने दहा-वीस वॉट वाचू शकतात, तेवढे वॉट महागड्या फ्रेमने मिळवायचे तर खिशाला मोठं भोक पडतं.

जाडीबद्दल जुना समज असा होता की २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा टणक भरायचा. टणक वाटतो म्हणून जोरात वाटतो, कारण सायकल थरथरत असते. पण खऱ्या रस्त्यावर ती थरथर म्हणजे वाया गेलेली ताकद, सायकल आणि तुम्ही सतत वर उडताय. आता प्रो लोकसुद्धा २८ आणि त्याहून जाड वापरतात. ७० किलोच्या माणसाला ट्यूबवाल्या २८ ला साधारण ७०-७५ पीएसआय पुरतं, मागच्याला चिमूटभर जास्त, ओल्या रस्त्यावर थोडं कमी. टायरवर आणि रिमवर छापलेली कमाल मर्यादा मात्र नक्की वाचा, काही नव्या रिमची मर्यादा बरीच खाली असते. आणि घरात मीटरवाला उभा पंप हवा. रोडबाईकच्या ट्यूबमधली हवा आपोआप झिरपते, दर दोन-चार दिवसांनी भरावी लागते. हे माहीत नसल्याने मी पहिले तीन पंक्चर निव्वळ हवा कमी असताना खड्ड्यात आपटून केले, ट्यूबला सापाच्या दातासारखी जोडीने दोन भोकं पडतात त्यावरून ओळखू येतं.

टायरनंतर बिब शॉर्ट, ती खांद्याला पट्टे असलेली. पॅडवाली चड्डी घालताना आत दुसरं काहीही घालायचं नसतं. हे कुणी मोठ्याने सांगत नाही, सगळे गृहीत धरतात आणि नवीन माणूस शिवणीने सोलवटून महिनाभर गप्प बसतो. म्हणून मीच सांगून टाकलं. जाड गुबगुबीत सीट घेऊन प्रश्न सुटत नाही, बरोबर रुंदीची सीट आणि चांगला बिब हे उत्तर. हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप हे सायकलबरोबरच घ्यायचं, ते अ‍ॅक्सेसरीत मोजू नका. घरी बसून एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघा. टायर बसवताना कंपनीचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवतात, नवीन लोकांना वाटतं नुसती फॅशन, पण ट्यूबमधलं भोक सापडलं की त्याच्यासमोर टायरमध्ये काच कुठे रुतलीये ते लगेच कळतं.

सहावी पायरी: क्लीट आणि अटळ पतन

बुटाच्या तळाला क्लीट असते, ती पेडलमध्ये खट्ट करून अडकते, टाच बाहेर वळवली की सुटते. हे तंत्र स्कीच्या बाइंडिंगवरून आलं. लूक कंपनीने १९८४ मध्ये असे पेडल काढले आणि १९८५ चं तूर बर्नार इनोने त्यांच्यावरच जिंकलं. नाव क्लिपलेस, आणि पाय तर त्यात चक्क क्लिप होतो. आधी पायाला पट्टा बांधायची जी क्लिप असायची ती गेली म्हणून क्लिपलेस.

यात तुम्ही पडणार. माझं पतन लाल सिग्नलला झालं, वेग शून्य, भरगर्दी. थांबलो, पाय सोडायचा राहिला, आणि झाड कोसळावं तसा हळूहळू बाजूला कललो, मेंदूला सगळं दिसत होतं पण टाच ऐकत नव्हती. शेजारच्या स्कूटरवरच्या काकू म्हणाल्या, "अहो, लागलं का?" कोपर सोलवटलं होतं, लागलं ते दुसरीकडेच. तर आधी हिरवळीवर पन्नास वेळा अडकव-सोडव करा, पेडलचा स्प्रिंग स्क्रू पूर्ण ढिला ठेवा आणि थांबायच्या तीस-चाळीस फूट आधीच एक पाय मोकळा करा. पहिले दोन महिने साध्या पेडलवर चालवलीत तरी काही बिघडत नाही.

सातवी पायरी: पहिले दोन महिने नुसतं चालवा

आठवड्यात तीनदा, दीड-दोन तास, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा दमात. वेगाचा आकडा घड्याळावरून लपवून ठेवा. मिनिटाला ८०-९० फेऱ्या फिरवायचा सराव करा, जड गिअर रेटत बसू नका. तासाच्या वरच्या राइडला खाणं लागतं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, आणि भूक लागायच्या आधी. शरीरातली साखर संपली की जे होतं त्याला बॉंक म्हणतात. पाय जातात, मग डोकं जातं, माणूस रस्त्याच्या कडेला बसून मी हे का करतो असले प्रश्न विचारायला लागतो. गोड काहीतरी पोटात गेलं की पंधरा मिनिटांत प्रश्न संपतात.

आठवी पायरी: ग्रुपमध्ये शिरताना

इथे खरी मजा आहे आणि खरा धोकापण. दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून गेलं की हवेचा मार बराच वाचतो, साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद कमी लागते. म्हणूनच एकट्याला २८ ने जाताना धाप लागते आणि तोच माणूस ग्रुपमध्ये त्याहून जास्त वेगाने, गप्पा मारत जातो. लोक याच्या श्रेयाचा वाटा नवीन सायकलला देतात.

नियम लेखी नसतात पण सगळ्यांना पाठ असतात. तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नका, तो जरा सरकला आणि चाकं घासली की तो नाही पडत, तुम्ही पडता आणि तुमच्यामागचे चार. अचानक ब्रेक नाही, अचानक उभं राहून पेडल नाही, कारण उभं राहताना सायकल क्षणभर मागे सरकते आणि मागच्याच्या चाकावर येते. खड्डा दिसला तर हाताने दाखवा, मागून गाडी आली तर ओरडा, आणि हे पुढून मागे पोचलं पाहिजे, मध्येच कुणी गिळून टाकायचं नाही. पुढे ओढायची पाळी आली की वेग वाढवून हिरो बनू नका, जो वेग चाललाय तोच ठेवा, दमलात तर कोपर हलवून बाजूला व्हा. शेजारी चालणाऱ्यापेक्षा सतत अर्धं चाक पुढे राहणारा एक तरी महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, तो पुढे म्हणून शेजारचा जोर लावतो, मग तो अजून थोडा, आणि दहा मिनिटांत निवांत राइडची रेस झालेली असते. तो तुम्ही होऊ नका. टाइम ट्रायलचं हँडल लावून ग्रुपमध्ये येऊ नका, ब्रेकपासून हात लांब असतात.

बाकी चालीरीतींची गंमत घ्या, ताण घेऊ नका. कॅसेटमागची प्लास्टिकची चकती दिसली की लोक गालात हसतात. गुळगुळीत पाय, मोजे किती उंच, चष्म्याच्या काड्या हेल्मेटच्या पट्ट्याच्या आत की बाहेर यावर मतं आहेत, आणि मोज्यांचं म्हणाल तर २०१९ पासून यूसीआयने रेसमधल्या मोज्यांच्या उंचीलाच मर्यादा घातलीये, घोटा आणि गुडघा यांच्या मध्याच्या वर जायचं नाही, कारण लांब मोज्याने हवेत फायदा होतो. सायकली किती असाव्यात याचं पंथातलं उत्तर एन अधिक एक, एन म्हणजे सध्या घरात आहेत तेवढ्या. आणि फ्रीहब, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यातला तो भाग जो पेडल थांबवल्यावर करकर आवाज करतो. महागड्या हबचा आवाज मधमाश्या खवळल्यासारखा येतो आणि काही लोक केवळ तेवढ्यासाठी पेडल मारायचं थांबवतात. मी दोघांना ओळखतो. एक मीच.

आणि ती गोष्ट, साठीतल्या काकांनी जुन्या स्टीलच्या सायकलवर सगळ्या कार्बनवाल्यांना चढावर मागे टाकलं, ती प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी सांगतोच. खरी असते. पण त्यातून महाग सायकल बेकार असं काही निघत नाही, काकांनी तीस वर्षं चालवलीये एवढंच निघतं. काकांना हलकी सायकल दिली तर ते अजून पुढे जातील.

नववी पायरी: चेन

चेन पुसा. बाकी काही नाही केलं तरी चालेल. राइडनंतर फडक्यात धरून पेडल उलटं फिरवा, महिन्यातून एक-दोनदा नीट धुवा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका, तेल आत हवं, बाहेर राहिलं की धूळ धरतं. चेन मोजायची पट्टी मिळते, ११-१२ स्पीडची चेन ०.५ टक्के ताणली गेली की बदला, नाहीतर ती आपल्याबरोबर कॅसेटचे दात खाते आणि कॅसेट चेनच्या मानाने बरीच महाग पडते.

दहावी पायरी: आता घ्या ती स्वप्नातली

एक मोसम झाला, दोन-तीन हजार किलोमीटर पायाखालून गेले. आता तुम्हाला माहितीये की तुम्हाला चढ आवडतात की सपाटी, ग्रुप आवडतो की एकट्याने दोनशे किलोमीटर. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइडमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तिथे एरो फ्रेमपेक्षा न दुखणारी मान जास्त कामाची, आणि टाइम ट्रायलच्या वेडाला नेमकं उलट. आता खर्च केलात तर तो वाया जात नाही. पहिल्या सायकलचे स्टॅक-रीच खिशात घेऊन दुकानात जा आणि रंग सगळ्यात शेवटी बघा. ठीके, शेवटून दुसरा बघा.

कार्बन घेणार असाल तर टॉर्क रेंच, म्हणजे स्क्रू मोजून आवळायचा पाना, घेणं आलंच. सीटपोस्ट आणि स्टेमच्या स्क्रूवर किती न्यूटन मीटर ते लिहिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ५ च्या आसपास, अंदाजाने जास्त आवळलं की आतल्या आत तडा जाऊ शकतो आणि तुटायच्या आधी कार्बन काही सांगत नाही. कार्बन त्याच्या धाग्यांच्या दिशेने प्रचंड मजबूत, पण बाजूने बसलेल्या टोल्याला हळवं. म्हणून सेकंडहँड कार्बन घेताना दिवसाच्या उजेडात, पुसून, सांध्यांजवळ आणि खालच्या नळीवर नख फिरवत बघा, नख अडलं तर थांबा. नाण्याने टकटक करून बोदा आवाज येतो का तेही बघतात, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका, शंका आली तर कार्बन दुरुस्त करणाऱ्या माणसाला दाखवा. विकणारा कधी पडलेली नाही म्हणेल, ब्रेक लिव्हरच्या टोकाकडे आणि मागच्या डिरेलरच्या बाहेरच्या बाजूला बघा, खरचटलेलं तिथे दिसतं.

इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर चार्ज तपासायची सवय लावा. मी लावली नव्हती. बॅटरी संपत आली की काही सिस्टिममध्ये आधी पुढचा डिरेलर हलायचा बंद होतो, तो इशारा असतो, मला वाटलं केबल ढिली झाली असेल. केबल! थोड्या वेळाने मागचापण गेला. घर चाळीस किलोमीटर, मध्ये दोन चढ, चेन पुढे मोठ्या चकतीवर आणि मागे मधल्याच चकतीवर अडकलेली. माझ्या हयातीतल्या सगळ्यात महागड्या सायकलवर मी उभं राहून, नागमोडी वळत, मिनिटाला तीस-पस्तीस फेऱ्या मारत चढ चढलो, आणि सोबतचा मित्र त्याच्या आठ गिअरच्या क्लॅरिसवर वर जाऊन थांबायचा, मी दिसलो की म्हणायचा, "चल की, हलकी आहे ना तुझी?"